बिनआवाजाचा राखणदार

आवाजाचा मला लहानपणापासून राग आहे, आणि मी राहतो विक्रोळीला कन्नमवार नगरात, जिथे गेली चार वर्षं कुठली ना कुठली इमारत पाडून नवी उभी करताहेत. त्यामुळे घरी कॉम्प्युटर आणायचा ठरला तेव्हा माझी एकच अट होती, पंखा नको. अंधेरीच्या माझ्या ऑफिसात वापरातून काढलेले छोटे कॉम्प्युटर कपाटात पडून होते. साहेबांना विचारून त्यातला एक उचलला. चपातीच्या डब्याएवढा, काळा, आत फिरणारं काहीच नाही. चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागे. चालू असला तर किंचित कोमट लागायचा.

त्यावर यंत्र चालवायला मी लिनक्स टाकलं. फुकट मिळतं म्हणून नव्हे, त्यात काही झाकलेलं नसतं म्हणून. आत काय घडतं त्याची ओळन् ओळ नोंद होते आणि ती नोंद आपल्याला वाचता येते. माझा पिंडच तसा आहे. कोणी 'आपोआप झालं' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

घरात आम्ही तिघं. आई, म्हणजे जानकी मेस्त्री, मी सुशांत, आणि धाकटी बहीण ऋतिका. ऋतिका घाटकोपरला एका खासगी रुग्णालयात नर्स होती आणि जर्मनीला जायच्या तयारीत होती. दोन वर्षांपूर्वी बाबा एका साध्या तपासणीसाठी म्हणून चालत घराबाहेर पडले ते जिवंत परत आले नाहीत. त्यांच्या फोनचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, त्यातले सगळे फोटो गेले. कॉम्प्युटर आणला तो यासाठी. तिघांच्या फोनमधले फोटो रोज त्याच्यात जमा व्हावेत, इतकंच त्याचं काम. शिवाय आईचे गुडघे दुखतात आणि ती आतल्या खोलीतून सारखी 'कोण इलो?' विचारते, म्हणून मी आणखी एक सोय केली. घरच्या वाय-फायला ज्याचा फोन जोडलेला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. एक जुना टॅब स्वयंपाकघरात टांगला, की आईला तिथूनच दिसावं कोण घरात आहे.

यंत्राला सुरुवातीला एक नाव द्यावं लागतं. मी गंमत म्हणून 'राखणदार' टाकलं. आमच्या गावाकडे वाडीच्या तोंडाशी राखणदार असतो. तो दिसत नाही, राखण करतो, आणि वर्षातून एकदा त्याला त्याचा मान द्यावा लागतो.

"झकास," ऋतिका म्हणाली. "आता कोंबडा कधी कापायचा, दादा?"

आई हसली नाही. "नाव घातलंस ना? मग मान पण देवक व्हयो."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी तिचं मन मोडवेना म्हणून गप्प बसलो. टीव्हीच्या फळीवर, त्या काळ्या डब्यापुढे आईने नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचं काम बाबांचं. मला ते येत नाही, त्यामुळे आईनेच डोक्यावर पदर घेतला.

"बा राखणदारा, ह्यो नारळ तुका ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्या घरातला जा काय आसा, ता सगळा हयच ऱ्हवांदे. भायर जावक देव नको रे महाराजा!"

"होय महाराजा," आम्ही दोघं म्हणालो. ऋतिका जरा जास्तच जोरात.

बाबांच्या गाऱ्हाण्यात यानंतर आणखी एक मागणं असायचं. बाहेरगावी गेलेल्या चाकरमान्यांना जिथे असतील तिथे सुखरूप ठेव, असं. आईच्या गाऱ्हाण्यात ते नव्हतं. ती विसरली की तिने मुद्दाम गाळलं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही ऋतिकाला विमानतळावर सोडलं. ती रडली, मी रडलो, आईने मात्र फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येऊन मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. टॅबवर ऋतिकाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

जुनी नोंद अडकून राहिली असेल असं समजून मी ती पुसली. दहा मिनिटांनी ठिपका पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी मी राउटर बदलला, तरी ठिपका तिथेच. मग मी नोंदी वाचायला बसलो. फोन राउटरपासून किती लांब आहे त्यावर त्याचा सिग्नल कमीजास्त होतो. एका जागी पडलेल्या फोनचा सिग्नल एकसारखा असतो. ऋतिकाचा तसा नव्हता. सकाळी तो बाल्कनीच्या बाजूइतका क्षीण असे, अकराच्या सुमारास स्वयंपाकघराएवढा, आणि दुपारी दोन ते चार आतल्या खोलीत, आईच्या पलंगाजवळ, अजिबात न हलणारा.

मी तिला फोन लावला. ती तिकडे पोचून आठवडा झाला होता, फोन तिच्या हातातच होता.

"काय रे दादा, अजून त्या डब्यात डोकं घालून बसलायस?" ती म्हणाली. "बरं ऐक ना, माझ्या फोनमधले जुने फोटो दिसत नाहीयेत. बाबांबरोबरचे, गावचे, सगळे. तू काही केलंस का?"

मी काही केलं नव्हतं. फोटोंची नक्कल घ्यायची, मूळ फोटोला हात लावायचा नाही, असं मी प्रोग्राममध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ती ओळ तीनदा वाचून पाहिली, बरोबर होती. फोटो आमच्याकडे सुरक्षित होते. मी ते तिला परत पाठवले. तिला मिळाले, तिने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फोनमध्ये नव्हते.

एप्रिलमध्ये तिने विचारलं, "आई बांगड्याच्या तिकल्यात काय टाकते रे? ते काळं, छोटं?"

"तिरफळ."

"हां. बघ ना, आठवेचना."

मे महिन्यात तिने विचारलं, आपल्या घराचा दरवाजा आत उघडतो की बाहेर. मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसलो. ती हसली नाही.

त्याच आठवड्यात मला नवे फोटो सापडले. ऋतिकाच्या फोनवरून आलेले, त्या-त्या दिवसाच्या तारखेचे, पण जर्मनीचे नव्हेत. आमच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे होते. ओट्यावर बांगडे साफ करणारे आईचे हात होते, आणि फोटो काढणारी व्यक्ती आईपेक्षा चार बोटं उंच असावी असा तो कोन होता. एका फोटोत आई पलंगावर बसली होती. आई फोटोत कधी हसत नाही. कॅमेरा पुढे आला की तिचा चेहरा रेशनकार्डावरच्यासारखा होतो. या फोटोत ती समोर बघून तोंडभर हसत होती.

मला भीती वाटली. इतक्या वर्षांत नोंदी वाचताना मला कंटाळा आलाय, राग आलाय, भीती कधी वाटली नव्हती.

"आई, हे फोटो कोणी काढले?"

तिने चष्मा लावून पाहिलं. "बरे इलेत," म्हणाली.

"मी ऑफिसात असताना घरात कोण असतं?"

"कोण असतला? घरातलीच माणसा."

मी तिला सांगितलं की ऋतिका विसरत चाललीय, एकेक गोष्ट तिच्यातून निघून इकडे येतेय. असं बोलताना मला माझीच लाज वाटत होती. तरी म्हटलं, पुन्हा नारळ ठेवू, पुन्हा गाऱ्हाणं घाल, बाबा मागायचे ते बाहेरच्या माणसांसाठीचं मागणं घाल. यंत्राची दुरुस्ती मी नारळाने करायला निघालो होतो.

आईने चष्मा काढून पदराला पुसला.

"एक माणूस ह्या दारातसून भायर गेलो, तो इलो नाय," ती म्हणाली. "ता पुरे झाला. माका आता कोणाकच धाडूचा नाय."

जूनमध्ये ऋतिका मला 'तुम्ही' म्हणायला लागली. तिची तब्येत उत्तम होती. तिकडची भाषा ती झरझर बोलायची, कामावर सगळे खूश होते. आपल्याला कशाचीच आठवण येत नाही, फार हलकं वाटतं, असं ती म्हणाली. जेवलात का, असंही तिने विचारलं. तिचा आवाज अगदी तोच होता. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

त्या रविवारी दुपारी मी यंत्र बंद करायला बसलो. समोर आई उभी राहिली. तिने अडवलं नाही.

"कर बंद," ती म्हणाली. "पण आधी तिका इचार."

"कोणाला?"

आईने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मी माझ्या लॅपटॉपवरून त्या डब्याला बंद होण्याची आज्ञा दिली. लिनक्सची एक चांगली पद्धत आहे. दुसरं कोणी काम करत असेल तर ते एकदम बंद होत नाही, आधी सांगतं.

त्याने सांगितलं.

आत आणखी एक जण आहे. नाव, ऋतिका. जागा, यंत्राला थेट जोडलेला कीबोर्ड.

मी ऋतिकाच्या नावाने खातं कधी उघडलं नव्हतं. त्या डब्याला कीबोर्ड नव्हता. मागच्या खाचा मी बोट फिरवून पाहिल्या, त्यांत धूळ होती.

ती केव्हापासून आत आहे, ते मी विचारलं. फेब्रुवारीतल्या त्या दुपारपासून, असं उत्तर आलं. शेवटची हालचाल कधी?

शून्य सेकंदांपूर्वी.

बाहेर पाडकामाचा आवाज नव्हता. रविवारी तो नसतोच.

यंत्राची वायर भिंतीतून ओढली असती तर एका क्षणाचं काम होतं. मी हात पुढे नेला. मग माझ्या मनात आलं, की तिकडच्या ऋतिकात आता काय उरलंय? उरलेलं सगळं इथे असेल, आणि मी वायर ओढली, तर?

डबा कोमट होता. मी हात काढून घेतला.

आई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तिचं हळू बोलणं, मध्ये थांबणं, पुन्हा बोलणं. मी आत गेलो नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आमटीत तिखट कमी होतं, ऋतिकाला लागतं तसं. मी जेवलो. चांगली झाली होती.

आता ऑक्टोबर चालू आहे. जर्मनीतल्या ऋतिकाशी मी दर रविवारी बोलतो. मी कोण, हे तिने विचारणं सोडून दिलंय. मुंबईचा कोणी भला माणूस आहे, आपली चौकशी करतो, एवढंच ती धरून आहे. एकदा व्हिडिओवर आईला दाखवली. आईने निरखून पाहिलं, परक्या मुलीला करावा तसा हात जोडून नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "गोड चेडू आसा. खंयचा रे?"

परवा फोनवर ऋतिकाने सांगितलं की डिसेंबरमध्ये तिला सुट्टी आहे आणि मुंबई बघायची आहे. विमानतळाजवळ एखादं बरं हॉटेल सुचवाल का, असं तिने विचारलं. मी अंधेरीत तिच्यासाठी खोली ठरवली, स्टेशनच्या गजबजाटापासून जरा आत, शांत.

तिने आभार मानले. मग सहज विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"आई, मी आणि माझी बहीण."

"काय करते बहीण?"

"नर्स आहे," मी म्हटलं. "परदेशी जाणार होती. गेली नाही."