सात नंबरची पेटी

लोडशेडिंग होतं. कारभारीनानांनी कंदिलाची वात खाली केली. समोर नातवंडं, राज आणि सायली.

"आमच्या अंबडच्या कंपनीतल्या मंजुषाताईंची गोष्ट. एकदाच सांगितली त्यांनी. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही."

सप्टेंबर २००७, मंगळवार, रात्री पावणेनऊ. कळवणच्या पुढे, ओहोळाकाठी, मंजुषा सात नंबरची पेटी उतरवायला आली होती. दुपारीच यायची, पण लेकीला, दिशाला ताप. औषधाची वेळ सासूबाईंना चौथ्यांदा समजावून निघेपर्यंत पाच वाजले.

ओहोळावर अशा अकरा पेट्या. वर सोलर पॅनल, आत बॅटरी. पाणी वाढलं की एकीनं दुसरीला बिनतारी निरोप द्यायचा, शेवटचीनं गावात भोंगा वाजवायचा. ढगाळ दिवसांतही बॅटऱ्या टिकतील असं बघायचं काम मंजुषाचं. सातची बॅटरी कायम भरलेली दिसे, म्हणून सगळ्यांचे निरोप पोचवायचं काम तिनं सातवर टाकलं आणि वीज वाचवायला बाकीच्यांना झोपवलं. स्वतःवरच खूश झाली होती.

मग ऐन लोंढ्याच्या रात्री सात मेली. भोंगा वाजलाच नाही. ओहोळाकाठी कांदा साठवायच्या चाळीत झोपलेला राखणदार बारकू वाहून गेला. त्याला दहा दिवस झाले होते.

पेटीच बिघडलेली निघू दे, असं मंजुषा मनात घोकत होती.

बारकूची बायको झुंबरबाई टॉर्च धरून उभी होती. "रोज सकाळी डोईचा लाल टॉवेल काढून ही काच पुसायचा. त्याबिगर चहा नाय. म्हणायचा, ताईंचा डबा हाय."

मंजुषाचा हात थांबला. "मग... त्या आठवड्यात?"

"लेकीकडं सटाण्याला गेलता. लोंढा आला त्याच सांजच्याला परतला."

पॅनलवर चिखलाचा थर होता. तिनं लॅपटॉप जोडला. पेटी ठणठणीत. बॅटरी दोन टक्के.

चूक पेटीची नव्हती; बारकूच्या पुसण्यावर भरणाऱ्या बॅटरीवर तिनंच सगळा भार टाकला होता.

तीन टक्के.

"मावशी, रात्री ही भरत नाही..."

नऊ. सतरा.

झुंबरबाईच्या हातातला टॉर्च विझला. अंधारात काचेवर फडकं फिरल्याचा आवाज... खस... खस...

मंजुषाची नजर आकड्यावर.

साठ. नव्वद.

"आला वाटतं," झुंबरबाई हळूच म्हणाली.

शंभर.

खाली गावात भोंगा वाजला. दहा दिवस उशिरा.

नानांनी कंदिलाची वात थोडी वर केली.

"मग?" राजनं विचारलं.

"मग काय... बॅटरी काढून पेटी गोदामाच्या कपाटात बंद केली. ताईंनी नोकरी सोडली. वर्षानं ते कुलूप मीच उघडलं. फायलींवर, तारांवर बोट बुडेल एवढी धूळ."

"आणि पेटी?"

"काच लखलखीत. कोपऱ्यातल्या स्क्रूला एक लाल धागा अडकलेला... अजून ओला."