तहानलेली होडी

होडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि ती थबकली.

समुद्राकाठच्या त्या बागेत जुन्या लाकडी होड्या जतन केल्या होत्या, त्यांची राखण तिच्याकडे. त्यातली ही निळ्या पट्ट्याची होडी एके काळी तिच्या बाबांची. तिच्यावर तिचा भारी जीव.

"अहो पाय, बाहेर या आधी!"

पाय आले, मागोमाग भुशानं माखलेले केस, आणि मग एक हसू. "बागेच्या समितीनं पाठवलंय. सुतार आहे मी."

ती जरा नरमली. शुक्रवारी ही होडी सगळ्यांदेखत तरंगली, तरच बागेत राहणार होती. नाहीतर एका हॉटेलच्या दारात, पोटात माती भरून, फुलझाडं मिरवायला जायची.

"काय म्हणतेय आमची होडी?"

"रुसलीय."

"कुणावर?"

"तुमच्यावर!" फळ्यांच्या फटींतून उतरलेल्या उन्हाच्या रेघा त्यानं तळव्यावर झेलून दाखवल्या. "या बघा."

"चार वर्षं ताडपत्रीखाली जपलीय मी. एक थेंब लागू दिला नाही!"

"तेच तर... लाकूड सुकलं, आक्रसलं. फळ्या एकमेकींना पारख्या झाल्या."

"मग भरा ना फटी."

"भरल्या, आणि पाण्यात लाकूड फुगलं, की फळ्या तडकतील. हिला बुडवायची. उथळ पाण्यात, तीन दिवस. पोटभर पिऊ दे."

ती तरातरा बाबांकडे गेली. बाकावर बसलेले बाबा खो खो हसले. "आम्हीही बुडवायचो की, बराच काळ कोरडी राहिली तर!"

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"पाण्याचं नाव काढलं, की तू फडकं घेऊन अंगावर धावून यायचीस! बोलतोय कोण?"

मंगळवारी होडी पाण्यात लोटली. फटीफटीतून पाणी घुसलं, बघता बघता निळा पट्टाही दिसेनासा झाला. धक्क्यावर जमलेल्यांत हशा पिकला. "वाचवायला निघाले आणि बुडवून बसले!" समितीच्या अध्यक्षांनी तर हॉटेलवाल्यांना ट्रकच पाठवायला सांगून टाकलं. तिचे डोळे भरून आले.

"माझ्यावर विश्वास नाही?" गुडघाभर पाण्यातून त्यानं विचारलं.

"तुमच्या हातांवर आहे. जिभेवर... बघू."

रोज ओहोटीला दोघं पाण्यात उतरायची. तो तिचं बोट धरून पाण्याखालच्या फटीवरून फिरवायचा. बुधवारी अख्खं नख आत शिरलं. गुरुवारी नखाची कड. शुक्रवारी सकाळी फळीला फळी बिलगलेली — फट सापडेना. दोघं तरीही शोधत राहिली... बराच वेळ.

मग बादल्यांनी पाणी उपसलं. होडी हलली, डुलली, वर आली. ट्रक वाट पाहत उभा, धक्का माणसांनी फुललेला. ती आत चढली, पाठोपाठ तो. तळ पुसून दोघं त्यावर डोळे लावून बसली. पाच मिनिटं... दहा... पंधरा.

"काय गं, झिरपतंय?" बाबा ओरडले.

"नाही बाबा! ठणठणीत कोरडी आहे!"

धक्का टाळ्यांनी दणाणला. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि ट्रकला रिकामाच परत फिरवलं. ती हसत होती, रडत होती, ओल्या हातांनीच डोळे पुसत होती.

तेवढ्यात होडी अलगद सरकायला लागली. तिनं मागं पाहिलं — बाबांनी दोर सोडला होता!

"बाबा, वल्ही राहिली धक्क्यावर!"

"आणतो की! माझी चाल तुला माहीतच आहे. तासभर तरी लागेल."

धक्क्याच्या आतलं पाणी शांत, निळं. जवळ ना वल्ही, ना वर बघायचा धीर.

"आता?" ती म्हणाली.

"आता... काम संपलंय माझं. म्हणजे जायला हवं. पण..."

"पण?"

"पाय निघत नाही."

"मग नका जाऊ." ती आता थेट त्याच्याकडे बघत होती. "मला तुम्ही हवे आहात. तासाभरासाठी नाही — कायमचे."

तो असा काही ताडकन उठला, की होडी एका अंगाला कलंडली. तिनं किंचाळून त्याचा हात पकडला. होडी सावरली, धक्क्यावरून पुन्हा टाळ्या उसळल्या.

"बसा खाली," ती म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही.