उलट्या वाऱ्याचा शनिवार

"ही जागा घेतलेली आहे," मी धक्क्यावरून ओरडले. वारा एवढा होता की माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही.

बोटीवरच्या माणसाने आधी शांतपणे दोर बांधला. मग माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या मोकळ्या पाण्याकडे.

"बोट तर दिसत नाही," तो म्हणाला. "बुडालीय का?"

जून महिना, बारीक पाऊस आणि पश्चिमेचा सोसाट्याचा वारा. अशा हवेत हॉटेलचे पाहुणे पांढरे अंगरखे घालून आतल्या गरम पाण्याच्या तलावाकडे पळतात आणि किनाऱ्यावर मी एकटी उरते. वाळूतल्या वेताच्या टोपल्या हे माझं काम. दोघांपुरती बैठक, डोक्यावर छत, दोन्ही बाजूंना आडोसा... टोपल्यांची पाठ वाऱ्याकडे आणि तोंड उन्हाकडे फिरवत राहायचं, पावसात त्यांना जाळ्या लावून कुलपं घालायची. माझ्या वाळूला लागूनच शिडाच्या बोटींचं बंदर आहे. त्यामुळे पहिल्या धक्क्यावर कोण आलं, कोण गेलं, हे मला बसल्या जागी दिसतं. नेमकी हीच जागा तर मला रोज दिसायची.

"लाल पाटी दिसली नाही तुम्हाला?" मी विचारलं.

ही पाटी आमच्याकडच्या प्रत्येक बोटवाल्याला ठाऊक असते. बोट बाहेर काढताना मालकाने धक्क्यावरची आपली पाटी फिरवायची. हिरवी केली म्हणजे चार दिवस येत नाही, कोणी पाहुणा आला तर खुशाल बांधू द्या. लाल ठेवली म्हणजे संध्याकाळी परत येतोय, जागा ठेवा.

"दिसली की," तो म्हणाला. "म्हणजे साहेब संध्याकाळी येणार. ते आले की मी उठतो. तोवर बसू का?"

तेवढ्यात बंदर सांभाळणारे फीटेकाका पिवळा रेनकोट घालून आले. मला त्यांनी लहानपणापासून बघितलंय, म्हणून ते माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत म्हणाले, "राहू दे त्याला, विब्के. या वाऱ्यात कुठे जाईल?"

"पण मालक येणार आहेत ना संध्याकाळी?" त्या माणसाने विचारलं.

काकांनी घसा खाकरला. "गेल्या ऑगस्टपासून येतोय तो," ते म्हणाले, आणि चालते झाले.

मला धक्क्यातल्या फटीतून पाण्यात जावंसं वाटलं.

टोर्बेन. सांगून टाकते, कारण गावात सगळ्यांना माहीतच आहे. आमचं तीन वर्षांचं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याने पाटी लाल केली, "जेवायला थांब" म्हणाला आणि शीड उभारून निघून गेला. संध्याकाळी निरोप आला की वारा फिरलाय, रात्री डेन्मार्कला थांबतो. दुसऱ्या दिवशीही वाराच आडवा. मग स्वीडन. मग तिथे कोणीतरी भेटली असावी, कारण ऑक्टोबरात निरोपातून वारासुद्धा गेला. जागेचं भाडं त्याने आधीच भरून ठेवलं होतं, म्हणून ती त्याचीच राहिली. आणि पाटी राहिली लाल. फीटेकाका दिवसातून चारदा तिच्यावरून जात, पण त्यांनी तिला हात लावला नाही. ऐन हंगामात पाहुण्यांच्या बोटी दुसरीकडे पाठवत, पण ही जागा रिकामी ठेवत. माझ्यावरच्या मायेपोटीच. पण असल्या मायेने माणूस बरा होत नाही, तसाच पडून राहतो.

या नव्या माणसाचं नाव हेनिंग. समोरच्या फेमार्न बेटावरचा. समुद्राने सरळ आलं तर अर्ध्या दिवसाचं अंतर, आणि जमिनीने यायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. तिथे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभराची रजा काढून एकटाच फिरायला निघाला होता आणि आता परत जायला वारा नेमका तोंडावर. त्यामुळे तो अडकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेरिंग मासा भरलेले दोन पाव घेऊन माझ्या वाळूवर हजर झाला.

"मोइन," तो म्हणाला. आमच्याकडे सकाळ असो, संध्याकाळ असो, एवढंच म्हणतात. "एक माझा, एक दंडाचा. चुकीच्या जागी बोट लावल्याबद्दल."

"कांदा जास्त घातलाय," मी पाव उघडून बघत म्हटलं.

"मुद्दामच. म्हणजे दोघांपैकी कोणाला भलते विचार सुचायला नकोत."

मला हसू आलं, आणि ते मी कांद्यावर ढकललं.

तीन दिवस वारा हलला नाही, तोही हलला नाही. मी टोपल्या फिरवत असले की तो दुसऱ्या बाजूने धरायचा. आठ नंबरच्या टोपलीत दरवर्षी येणाऱ्या फ्राउ ओल्डेनबुर्ग म्हणून एक आजी आहेत. हॉटेलने मदतीला नवीन माणूस ठेवला हे बरं केलं, असं त्यांनी मला सांगितलं. तो नोकरीवर नाही म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिसऱ्या दिवसापर्यंत आमचं अहो-जाहो संपून अरे-तुरे सुरू झालं होतं. कोणी सुरू केलं ते आठवत नाही. बहुधा मीच, कारण त्याने एक टोपली माझ्या पायावर ठेवली होती.

त्याच दिवशी दुपारी एकदम पाऊस आला. कर्मचाऱ्यांनी टोपलीत बसायचं नाही असा हॉटेलचा नियम आहे. पण त्या पावसात नियम बघायला बाहेर येणार कोण? आम्ही सगळ्यात शेवटच्या टोपलीत घुसलो आणि छत पुढे ओढून घेतलं. टोपलीला एक खोड आहे—माणसं कितीही अंग चोरून बसली तरी खांद्याला खांदा लागतोच. वेतावर पाऊस वाजत होता, त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास येत होता. माझ्या पोटात फुलपाखरं वगैरे नव्हती. बऱ्याच दिवसांनी घरी येऊन बूट काढावेत ना, तसं वाटत होतं.

तो माझ्याकडे निरखून बघत होता.

"काय?" मी म्हटलं.

"धंद्याची सवय. डोळे बघतोय."

"मग? काही दोष?"

"लांबचं तुला फार छान दिसतं. क्षितिजावरचं शीड माझ्याआधी टिपतेस." तो जरा पुढे वाकला. "जवळचं मात्र... तपासून घ्यायला हवं."

"फी किती?"

"आधी बघू तरी दे."

मी मान फिरवली, कारण चेहरा गरम झाला होता. आणि मग का कोण जाणे, मी त्याला टोर्बेनचं सगळं सांगितलं. त्याने मध्येच थांबवलं नाही, की टोर्बेनला नावंही ठेवली नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "अजून वाट बघतेस?"

"त्याची नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. "पण त्या पाटीला हात लावायचा म्हटला की वाटतं, एवढं वर्षभर मग मी काय करत होते?"

"टोपल्या फिरवत होतीस," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात. का ते सांगता येणार नाही, पण मला एकदम हलकं वाटलं.

रविवारी पहाटे वारा पडला. सोमवारी त्याला दुकान उघडायचं होतं. मी धक्क्यावर गेले तेव्हा तो दोर सोडत होता. जाताना पाटीचं काय करायचं, असं त्याने विचारलं आणि हात पुढे केला.

"तू राहू दे," मी म्हटलं. "मी करते."

पाटी गंजली होती. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे फिरली, आणि अंगठ्याला ओरखडा उठला. हिरवा रंग वर्षभर उन्हाकडे पाठ करून होता, त्यामुळे अगदी ताजा दिसत होता. लांब उभे असलेले फीटेकाका घाईघाईने दुसरीकडे बघू लागले.

"शनिवारी दुकान बंद झालं की येतो," हेनिंग म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "येतो म्हणू नकोस. कोणी येतो म्हटलं की मला धडकी भरते. मी वाट बघणार नाही, सांगून ठेवते. एकदा बघून झालीय."

"नको बघूस," तो म्हणाला. "येणं माझं काम आहे. तू कशाला त्रास घेतेस?"

मला राग आला. इतक्या सहज कोणी बोलतं का? त्याची बोट दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी होते. रागावून. दुपारी त्या जागेवर एक डॅनिश कुटुंब येऊन लागलं आणि दोरीवर कपडे वाळत घालून मोकळं झालं.

आठवडाभर मी वाट बघितली नाही. टोपल्या पुसल्या, जाळ्यांना रंग दिला, फ्राउ ओल्डेनबुर्गची टोपली त्यांनी न सांगता इतक्या वेळा फिरवली की त्या म्हणाल्या, "बाळा, मला भोवळ येते." त्याचे निरोप यायचे. कोणी चष्म्यावर बसलं, कोणाला लाल काड्या हव्यात, असले. मी एका ओळीत उत्तर द्यायची आणि मग ती ओळ स्वतःच पुन्हापुन्हा वाचायची.

शुक्रवारी रात्री वारा पूर्वेला गेला. शनिवारी सकाळी बंदरातल्या सगळ्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटत होत्या. फीटेकाका वाळूवरच्या माझ्या खोपटाशी येऊन उगीच टोपी काढत-घालत उभे राहिले. "आज पलीकडून कोणी निघणार नाही हो," ते म्हणाले. "कोणीच नाही. शहाणा माणूस निघणारच नाही."

"मी कोणाची वाट बघतेय थोडीच?" मी म्हटलं.

दुपारी फोनवर निरोप आला. हेनिंग. *वारा साफ उलटा आहे. बोट निघत नाही.*

मी फोन बंद केला. नुसता बाजूला ठेवला नाही, बंदच केला. पुन्हा वारा! माझ्या नशिबात पुरुष नाहीतच, नुसता हवामानाचा अंदाज आहे. मी त्याच्यावर चिडले, मग स्वतःवर, कारण हा माणूस तर काही खोटं बोलत नव्हता. वारा खरोखरच उलटा होता, समोर दिसत होता. पण टोर्बेनचा पहिला वाराही खराच होता की.

संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले. आमच्याकडे जूनमध्ये उजेड लवकर मावळत नाही. मी सगळ्या टोपल्यांना कुलपं घातली, एक सोडून. तिची पाठ पूर्वेच्या वाऱ्याकडे केली आणि नियम धाब्यावर बसवून आत जाऊन बसले. समोर पश्चिमेचा समुद्र, तांबूस, आणि त्यावर एकही शीड नाही. मी रडले. थोडंसंच, पण रडले. आता लपवून काय करू? मला तो हवा होता. त्याच्या ओल्या स्वेटरसकट, कांद्यासकट हवा होता, आणि येतो म्हणाला होता म्हणून जास्तच हवा होता.

टोपलीत बसलं की मागून कोण येतंय ते दिसत नाही. वाळूत पाय ओढल्याचा आवाज आला, मला वाटलं हॉटेलचे व्यवस्थापक.

"मोइन," कोणीतरी म्हणालं.

तो टोपलीला वळसा घालून पुढे आला. खांद्यावर पिशवी, केस एका बाजूने चपटे, शर्टवर कॉफीचा हा एवढा डाग.

"समुद्राकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "मी बसने आलो."

मी त्याच्या शर्टवरच्या डागाकडे बोट केलं.

"ल्युबेकला गाडी चुकली. विस्मारला पुढची आलीच नाही. मग एका बसमध्ये कोणाच्या तरी कुत्र्याने माझ्यावर कॉफी सांडली." त्याने पिशवी वाळूत टाकली. "सगळं कळवत होतो की. फोन कुठाय तुझा?"

"बंद केला. वारा उलटा आहे एवढंच वाचलं."

"विब्के," तो म्हणाला. "उलटा तर होताच. म्हणून तर बस."

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"मी वाट बघत होते," मी म्हटलं. "आठवडाभर... रोज. तुला खोटंच सांगितलं होतं."

त्याचे डोळे ओले झाले, आणि त्याचं खापर वाऱ्यावर फोडावं असं त्यालाही वाटलं नसावं.

"सरक जरा," तो म्हणाला.

मी सरकले.