विहिरीतली देवळी आणि आमचा उंबरा

दिवाळीपासून पावसाचा एक थेंब पडला नव्हता. एप्रिलचं ऊन असं की सायकलच्या सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसायची सोय नाही. तरीही आमच्या दारातलं तळं चढत होतं. गेल्या महिन्यात तर सायकलवाटेचं एक वळणच पाण्याखाली गेलं. वरून पाणी नाही, नदीचं पाणी नाही, मग हे येतंय कुठून?

मी कादंबरी ढवस, इयत्ता सातवी. जिथे पूर्वी कोळशाच्या उघड्या खाणी होत्या तिथे आता नऊ तळी आहेत आणि त्या सगळ्यांना वळसा घालणारी बासष्ट किलोमीटरची सायकलवाट आहे. आमचं घर तिसऱ्या तळ्याच्या काठावर. लांबलांबून सायकलवाले येतात, मुक्काम करतात, आजीच्या हातची भाकरी आणि भरीत खाऊन चौथ्या तळ्याकडे निघतात. सगळं छान चाललं होतं, पण मार्चमध्ये तळी-कार्यालयाची नोटीस आली. पाणी आठवड्याला चार सेंटिमीटर चढतंय, दिवाळीपर्यंत तुमच्या उंबऱ्याशी येईल, तेव्हा पावसाळ्याआधी घर खाली करा.

आजीने नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग माळ्यावरची ट्रंक काढली आणि एकेक भांडं फडक्यात गुंडाळून भरायला लागली. खाण आली तेव्हा तिचं आमडगाव उठलं होतं. माझे बाबा त्या वेळी पाळण्यात होते. आता खाण बंद पडली, तर तळं आम्हाला उठवायला निघालं. त्या ट्रंकेचा मला इतका राग आला होता की येता-जाता मी तिला लाथ मारायची.

अशात एक दिवस खिरटकर आजोबा मुक्कामाला आले. सत्तरीचे, काटकुळे, डोक्यावर टोपी, तोंडात सतत बडीशेप. ते भूजलशास्त्रज्ञ होते (म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे). निवृत्त झाल्यावर नऊ तळी सायकलने बघायला निघाले होते. मी त्यांना चहाआधीच माझा प्रश्न विचारला.

"पाणी येत नाहीये," ते म्हणाले. "परत येतंय."

"म्हणजे?"

"तुझ्या घरात पारदर्शक नळी आहे का? लांब, बारीक."

असायला काय झालं? माझे बाबा गवंडी आहेत. त्या दिवसांत ते नागपुरात कामावर होते, पण त्यांची पंचवीस मीटरची पाणनळी खुंटीला होती. गवंडी तिच्यात पाणी भरतात आणि दोन टोकं दोन भिंतींना लावतात. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून पाया सपाट आहे की नाही ते कळतं. आमचं हे घर बाबांनी त्याच नळीने बांधलं होतं.

आजोबांनी नळीत पाणी भरलं. "हे टोक म्हणजे आजूबाजूची जमीन. खडकात बारीक भेगा असतात, त्यांत पाणी भरलेलं असतं. ते जिथपर्यंत उभं राहतं, ती भूजलपातळी (जमिनीखालच्या पाण्याची वरची रेघ). हे दुसरं टोक म्हणजे खाण. खाण कोरडी ठेवायला पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते." त्यांनी खाणीचं टोक खाली नेलं. पाणी भळभळ सांडलं आणि दुसरीकडची पातळीही खाली गेली.

"म्हणून आमच्या गावची विहीर आटली होती," आजी भाकरी थापता थापता म्हणाली. "आम्ही तर म्हटलं, देवाचा कोप."

"पंपाचा कोप," आजोबा म्हणाले. त्यांनी नळी पुन्हा भरली आणि खाणीचं टोक हळूहळू वर आणलं. "आता पंप बंद झाले. खडकातलं पाणी खाणीत उतरतंय. आता नीट बघ. दोन टोकांत फरक मोठा असला की पाणी धावतं. फरक कमी झाला की?"

"रांगतं," मी म्हणाले. पाणी खरंच रांगत होतं, आणि दोन्हीकडे सारखं झाल्यावर थांबलं.

माझ्या सायकलचं नाव भिंगरी. तिच्या मुठीत बोलका मदतनीस आहे आणि तळ्यांच्या सगळ्या नोंदी त्याला पाठ आहेत. मी विचारलं तेव्हा भिंगरीने सांगितलं, "तीन वर्षांपूर्वी आठवड्याला दहा सेंटिमीटर. गेल्या वर्षी सहा. यंदा चार."

"बघ, वेग मंदावतोय. कार्यालयाने चार सेंटिमीटर कायमचे धरले, ही त्यांची चूक," आजोबा म्हणाले. "पाणी थांबणार हे नक्की. पण उंबऱ्याच्या खाली थांबणार की वर, ते सांगायला खाण येण्याआधी पाणी कुठवर उभं राहायचं ते कळलं पाहिजे. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

आजीने तवा उतरवला. "लिहाले कायले पाहिजे? मले माहीत आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मी भिंगरीवर, आजोबा त्यांच्या जुन्या सायकलवर, आजी तिच्या बॅटरीच्या तिचाकीवर आणि मागच्या टोपलीत न्याहारी आणि बाबांची नळी. तळ्याच्या काठाने पाणकावळे पंख वाळवत बसले होते. खाणीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा अजून दिसतात, त्यांवर आता गवत आणि बाभळी आहेत. वळसा घालून आम्ही टेकाडावरच्या जुन्या विहिरीशी चढलो. आमडगावातलं एवढंच उरलंय. खाणीने गाव खाल्लं, पण ही पायऱ्यांची विहीर काठावर वाचली. सायकलवाटेने लांब पडते, पण आमच्या घरापासून बाभळींतून पायी सरळ गेलं तर फक्त तीनशे मीटर.

आत डोकावलो तर खाली पाणी चमकत होतं. आजी कठड्याला धरून उभी राहिली. अडतीस वर्षांनी त्या विहिरीत पाणी आलं होतं आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"ती देवळी पाहून घे," ती म्हणाली. आतल्या भिंतीत एक छोटा कोनाडा होता, त्यावर शेंदराची पुसट बोटं. "लेकरू झालं की बाई इथं येऊन विहीर पुजे. तुझ्या बापाच्या वेळेस मीही पुजली. नवरात्रात नऊ दिवस इथं दिवा राहे. कितीही पाऊस झाला तरी पाणी देवळीच्या खालच्या दगडाला लागे, वर कधी नाही. माझ्या सासूच्या सासूनेही दिवा बुडालेला नाही पाहिला."

आजोबांनी टोपीच काढली. "पावसाळ्यानंतर पाणी सगळ्यात वर असतं. आजी, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद दिलीत."

"तळ्याच्या पाण्याची वाफ होते, म्हणून तळं याहून वर जायचं नाही, झालं तर जरा कमीच," ते मला म्हणाले. "आता देवळी वर की तुझा उंबरा, एवढंच मोजायचं."

"माझी उपग्रहावरची उंची हातभर इकडेतिकडे होते," भिंगरी म्हणाली. आमचा तर प्रश्नच कदाचित हातभराचा होता. म्हणून पाणनळीनेच मोजायचं ठरलं. विहिरीच्या काठापासून देवळीचा तळ तीन मीटर दहा सेंटिमीटर खाली भरला. मग काठापासून घरापर्यंत वीस-वीस मीटरचे पंधरा टप्पे. आजोबा एका काठीशी, मी दुसरीशी. शेवटच्या टप्प्याला घामाने हात निसटायला लागला, म्हणून मी ओढणीने नळी काठीला करकचून बांधली.

आजोबांनी बेरीज केली, पुन्हा केली. मग हळू आवाजात म्हणाले, "उंबरा काठापासून तीन मीटर चौदा खाली आहे. म्हणजे देवळीच्याही खाली. चार सेंटिमीटर."

दोन बोटं. दोन बोटांसाठी आमचं घर जाणार होतं. आजी म्हणाली, "जाऊ दे बाई, मोजलं तर खरं," आणि आत जाऊन ट्रंकेशी बसली. मी ओट्यावर रडले. मग नळी गुंडाळायला घेतली, कारण बाबांची नळी उन्हात टाकलेली त्यांना चालत नाही.

तेव्हा आठवलं. नळी लावण्याआधी बाबा दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरतात. पाणी सारखं दिसलं तरच पुढे. घाईत शेवटच्या टप्प्याला मी ते केलंच नव्हतं. मी टोकं जवळ धरली. एकीकडचं पाणी जवळजवळ दीड वीत वर होतं.

मी ओढणी सोडली. तिच्याखाली नळीत लांबलचक बुडबुडा अडकलेला. बांधताना टोक कललं होतं आणि हवा आत शिरली होती. नळी इतकी बारीक की हवा वर चढेना आणि तिने माझ्या बाजूचं पाणी उंच धरून ठेवलं होतं.

"आजोबा, चूक माझी आहे," मी म्हणाले. असं म्हणताना इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

बुडबुडा काढून आम्ही पुन्हा मोजलं, या वेळी घराकडून विहिरीकडे, प्रत्येक टप्प्याला टोकं जुळवून. उंबरा काठापासून दोन मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर खाली निघाला. म्हणजे देवळीच्या अठ्ठावीस सेंटिमीटर वर. आजोबा तिथेच विहिरीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी उरलेली सगळी बडीशेप मला दिली.

कार्यालयाची माणसं आठवड्याने आली. त्यांनी त्यांच्या यंत्रांनी मोजलं, आणखी दोन जुन्या विहिरी तपासल्या आणि नोटीस मागे घेतली. आजीने ट्रंक उघडली. भांडी बाहेर काढताना ती इतकी खडखडाट करत होती की मुक्कामाचे सायकलवाले उठून बघायला आले. 

तळ्याचा वेग दर महिन्याला कमी होत गेला. पावसाळा झाला, नवरात्र आलं. बाबा नागपूरहून आले आणि आम्ही सगळे सायकलींनी विहिरीवर गेलो. आजीने ट्रंकेच्या तळाशी जपलेला दिवा देवळीत ठेवला. पाणी खालच्या दगडाला नुसतं लागून उभं होतं. आता बाकीच्या आठ तळ्यांजवळच्या जुन्या विहिरी शोधायच्या असं खिरटकर आजोबांनी कळवलंय, आणि त्या त्या गावच्या आज्यांना आधी विचारायचं काम माझ्याकडे दिलंय.

घरी आल्यावर आजी ओट्यावरून वाकली आणि उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत आपल्या हाताने मोजलं. एक वीत, वर चार बोटं. मग मला म्हणाली, "अठ्ठावीस म्हटलं होतं ना तुम्ही? हे तर तीस भरते. नीट मोजत जा पोरी."