ओल्शिनीचा बंब

तान्ह्या लेकराला पाजून मीर्का मैदानात धावत आली, तेव्हा ओल्शिनी गावाचा आग विझवायचा लाल हातबंब चिंचोळ्या ओढ्याकाठी उभा होता. त्याचं पितळ तिनेच सकाळी राखेने घासून लखलखीत केलं होतं. पणजोबांच्या काळचा बंब. पंचायतीतल्या नऊ गावांत असा जुना आणि चालता दुसरा नाही. पण यंदाच्या शर्यतीत त्याचं पाणी समोरच्या पत्र्यावर आदळलं नाही, तर तो शहरातल्या संग्रहालयात जाणार होता.

दांड्यावर आठ माणसं लागतात. धडधाकट पुरुष हॉलंडला कामाला, म्हणून आठ बाया ठरल्या; त्यातल्या दोघी तापाने अंथरुणात. उरल्या सहा बाया. नळी धरायला खुद्द पाद्रीबाबा.

"सहा जणी?" शेजारच्या गावाचा वाल्देक ओरडला. "पाद्रीबाबा, पत्रा राहू द्या, कोबीला तरी पाणी घाला!"

"तू तुझा बंब गंजायला ठेवलास, आम्ही नाही!" म्होरक्या गेनोवेफामावशींनी काठी उगारली. "चला गं पोरींनो. एक, दोन!"

सहा जणींनी दांडा दाबला. जड. नळीतून पाणी आलं, पण पत्र्याच्या निम्म्या वाटेवरच पडलं. लोक हसले. मीर्काच्या खांद्यांत कळ गेली.

मग दांडा हलका झाला.

तिला वाटलं, बाकीच्यांनी जोर लावला. पण शेजारच्या दान्काने तिच्याकडे तसंच चमकून पाहिलं. दांडा आता मावशींच्या मोजणीच्याही पुढे धावत होता. दर वेळी मीर्काचे हात त्याच्यामागून जात होते. पलीकडच्या टोकाच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

मावशींनी मोजणं थांबवलं.

पाण्याची धार ताठ झाली. पत्रा खणकन् आडवा पडला. बँड दणाणला, सगळं ओल्शिनी नाचू लागलं.

"सोडा," मावशी म्हणाल्या.

सहा जणींनी हात सोडले.

दांडा खाली गेला. वर आला. पुन्हा खाली, दणकून.

"पुरे आता, पोरांनो," त्या दोन रिकाम्या जागांकडे बघत मावशी हळूच म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती, डोळे भरलेले. "बंब राहिला आपला."

दांडा थांबला.

बंबाभोवती तर सगळ्या बायाच होत्या.

लोक पाद्रीबाबांना खांद्यावर घेत होते. मीर्का वळसा घालून त्या रिकाम्या टोकाशी गेली आणि लाकडावर हात ठेवला. तापलेल्या लेकराच्या कपाळासारखं ते गरम होतं. तिने बोटं पुढे सरकवली. बाकीचं लाकूड गार होतं, पाण्याने भिजलेलं.

गरम आणि कोरडं होतं ते फक्त चार तळव्यांएवढं.