त्याची नजर रस्त्यावर

...आणि ती पांढरी गाडी आमच्या सोयाबीनसमोर येऊन थांबली, ती हलेचना!

दसरा सरला की आमच्या इंझोरी गावात अर्धा डांबरी रस्ता वाळत घातलेल्या सोयाबीनचा असतो. कडेला चार दगड मांडले की एसटीसुद्धा त्यांचा मान ठेवून बाजूने जाते. ही गाडी मात्र ठप्प. छपरावर काहीतरी गरगर फिरतंय आणि आतला माणूस हात मांडीवर ठेवून समोर बघत बसलाय.

"ओ भाऊ, झोपले का? बाजूनं घ्या न गाडी!" मी झाडू उगारूनच विचारलं.

"मी नाही चालवून राह्यलो. ती सोताच चालते," तो म्हणाला. "तिले वाटते, रस्ता बंद हाये."

"मंग सांगा तिले, उघडा हाये म्हणून."

"तेच तर शिकवून राह्यलो."

"अन् बोलतानी माणसाकडं पाहावं, हे कोणी नाही शिकवलं तुमाले?"

त्याचे कान लालबुंद झाले. मान मात्र वळली नाही. "नियम हाये जी. गाडी चालू असली की नजर रस्त्यावर. कधी निघंन, सांगता येत नाही."

त्याला मी भाऊ म्हटलं, याचा पुढे मला फार पश्चात्ताप झाला.

कारण सोमवारी मंगरूळपीरला ऑफिसात गेले, तर तोच साहेबांसमोर उभा! मी नगरपरिषदेत शहराच्या नव्या आराखड्यांचे नकाशे काढते. पुण्याच्या त्याच्या कंपनीला ही गाडी छोट्या गावातल्या गल्ल्यांत फिरवून बघायची होती, आणि गल्ल्या दाखवायला साहेबांनी मलाच नेमलं.

"राजपाल," त्याने नाव सांगितलं. स्वतःचे पाय तपासल्यासारखी नजर जमिनीवर.

"राजपाल काय?"

नावावरून तो आमच्यातलाच वाटला, आणि आम्हा बंजाऱ्यांत आडनाव आधी विचारावं लागतं. आम्ही राठोड; तोही राठोड निघाला असता तर भाऊच, विषय संपला. पण तो म्हणाला, "चव्हाण." माझा जीव भांड्यात पडला... आणि का पडला, हे माझं मलाच कळेना.

मग रोज दर्ग्यापासून बसस्टँडपर्यंत आमची वरात. बकरी आडवी आली की गाडी थांबायची. कोणी लांबून रामराम घातला तरी थांबायची, कारण हात वर दिसला की तिला तो इशारा वाटायचा. राजपाल तिला समजुतीने घ्यायचा आणि मी मांडीवर नकाशा उलगडून बसायची.

"स्टँडच्या चौकात एवढी पार्किंग कायले?" एकदा त्याने विचारलं.

"मंग गाड्या काय डोक्यावर ठेवाच्या?"

"अशा गाड्या आल्या न, तर त्याईले उभं राहाचं कामच नाही पडणार. एकाले सोडलं की दुसऱ्याले आणाले जातीन. जागा मोकळी! झाडं लावा. बाकडे ठेवा."

"अन् माह्या बाबाचा ऑटो?"

माझा बाबा धरमसिंग वीस-बावीस वर्षांपासून इंझोरीच्या फेऱ्या मारतोय. "खरं सांगू?" राजपाल हळूच म्हणाला, "मले नाही माहीत. पण इचारल्याशिवाय झोप नाही येत."

गोडगोड बोलला असता तर मी उतरून गेले असते. खरं बोलला, म्हणून बसले. नकाशात पार्किंग आखडली, चौकातल्या कडुलिंबाखाली बाकडी टाकली, आणि त्यांच्या शेजारीच ऑटोंना जागा ठेवली.

"बाकडं केवढं ठेवू?"

"दोघांपुरतं," तो म्हणाला... समोर बघत!

इथेच सगळं अडत होतं. एकदा पोपटी ड्रेस घातला, चांदीचे झुमके घातले, वेणीत शेवंती माळली. "आज नवीन ड्रेस हाये माहा. रंग सांगा बरं?"

"...समोर बकरी हाये."

चिडले मी! मनातून त्या बकरीचासुद्धा हेवा वाटला. मी त्याच्यावर जीव जडवून बसले होते, आणि त्याने मला नीट पाहिलंही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली आणि चाचणी संपली. गाडी ट्रकवर चढली. साहेबांना नमस्कार करून तो माझ्यासमोर आला, ट्रकच्या दोराकडे बघत म्हणाला, "येतो."

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

स्टँडवर जाऊन बाबाच्या ऑटोत मागे बसले. बाबाचा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. "इंझोरी, इंझोरी! एक शीट बाकी!" बाबा ओरडत होता. तेवढ्यात बॅग सावरत, धापा टाकत कोणी तरी माझ्याशेजारी येऊन बसलं.

राजपाल!

"इंझोरीत कोणाकडं?" बाबाने किक मारत विचारलं.

"तुमच्याकडंच, काका."

ऑटो निघाला. आणि त्याने मान वळवली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं... मलाच पापण्या खाली कराव्या लागल्या.

"पुण्याले नाही गेले?"

"गाडी गेली. मी नाही."

"अन् तुमचा नियम?"

"आज गाडी काका चालवून राह्यले. मी मोकळा हाये." मग अगदी हळू, "पोपटी होता."

"काय?"

"ड्रेस. झुमके चांदीचे. अन् वेणीत शेवंती, एक फूल खाली लोंबून राह्यलं होतं. नजर रस्त्यावरच होती जी... पण समोरच्या काचेत रोज तुमीच दिसत होत्या."

मला हसू आलं आणि रडूही. "सांगितलं काहून नाही मंग?"

"आधी काकाले इचारतो म्हटलं. मले तुमच्यासंग लगन कराचं हाये... तुमची मर्जी असंन तर."

"हाये," मी म्हटलं. केवढ्या मोठ्याने म्हटलं, ते ऑटोतल्या सगळ्या माना वळल्यावर कळलं.

बाबा आरशातून आमच्याकडे बघत होता. रस्त्यावर सोयाबीनचे दगड आले, त्याने सवयीने ऑटो बाजूने घेतला. "पोट्ट्या," तो म्हणाला, "च्या पेल्याशिवाय मी कोणत्याच गोष्टीले हो म्हणत नसतो."

आणि मग हात वर करून त्याने आरसा बाहेर, पिवळ्या फुलांनी भरलेल्या तुरीच्या शेताकडे वळवून ठेवला.