दातांच्या डॉक्टरचा कॅमेरा

मोबाइल खाली ठेवा रे पोट्टेहो, नाहीतर मी चाललो झोपाले. भुतं नसतात म्हणणाऱ्यानं आत्ताच उठून आत जावं, मधात वाद घालू नये. गजानन मास्तर मोहगावच्या शाळेत माह्यासंग होता, आन् हे त्याच्यासमोर घडलेलं आहे.

साल दोन हजार चार. पोळ्याचा दुसरा दिवस, पांढुर्ण्याच्या गोटमारची, त्या नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेची रात्र. गजानन मोटारसायकल काढून पांढुर्ण्याले निघाला, बायकोच्या दातांचा फोटो आणाले. बायको सरला, ती आखाडातच वारली होती.

काहून गेली ते ऐका. तिची डावी दाढ किडली, गाल सुजला. पांढुर्ण्यात भूपेंद्र म्हणून दातांचा डॉक्टर होता. त्यानं नागपूरहून खास दातांसाठीच बनवलेला कॅमेरा आणला होता, रोलचा. भिंगाभोवती गोल फ्लॅश, पुढं तारेची चौकट. चौकट ओठांले टेकवाची आन् बटन दाबाचं. वीतभर अंतरावरचं तेवढं लख्ख दिसे, मागचं सारं काळं. मागच्या दाढांसाठी तोंडात आरसा घालून आरशातलाच फोटो काढत. आता आरशात डावं ते उजवं होते, हे शेंबड्या पोरालेही कळते! पण या साहेबानं धुऊन आलेला फोटो पाहिला, तोंडात पाहाची तसदी घेतली नाही, आन् उजवीकडची चांगली दाढ उपटली. सरलाच्या तोंडात चाप लावलेला. ती ऊं ऊं करून राहिली, तर हा तिच्यावरच खेकसला, "हलू नका बाई!" बाहेर बसलेला गजानन धावत आत गेला, तवा दाढ निघाली होती. सरलाचं बोट अजून डाव्या गालावरच होतं. पुढं किडक्या दाढेचा पू गळ्यात उतरला. नागपूरले नेईपर्यंत बाई गेली.

आन् वरून काय, तर डॉक्टर साऱ्याइले सांगे, बाईनंच उजवीकडे बोट दाखवलं! तिची सख्खी आई अंबाबाई, सौंसरले राहे, तीही म्हणाले लागली, "माह्याच पोरीले अक्कल नव्हती." मले आजही हे सांगताना तळपायाची आग मस्तकाले जाते. मेलेल्या बाईले खोटी पाडता, लाज नाही वाटत? गजाननले पैसा नको होता, कोर्ट नको होतं. सरला खरी होती, एवढं अंबाबाईले पटलं पाहिजे होतं, त्यासाठीच तो आरशातला उलटा फोटो पाहिजे होता.

तो पोहोचला तवा गोटमारीत दात तुटलेले पेशंट घरी गेले होते. भूपेंद्र एकटाच हात पुसून राहिला होता.

"फोटो फेकला मी," तो म्हणाला.

"मंग माह्या सासूसमोर या. चूक तुमची, एवढं बोला."

"कायची चूक? बाईनंच उजवी दाखवली."

"खोटं! गाल डावा सुजला होता. आंधळे होते का तुम्ही?" गजाननची मूठ टेबलावर आदळली. "जिती होती तवा बोलू दिलं नाही, आन् मेल्यावर तिच्याच माथी मारून राहिले?"

"एवढी खात्री आहे ना मास्तर? जा, मंग तिलेच विचारा!"

आन् लाइट गेली.



टेबलावरून बारीक आवाज आला. कुंईं... फ्लॅश भरताना येते तसा. कॅमेऱ्याचे सेल तर काढून ठेवले होते. गजाननच्या हाताखालीच होते ते.

फक्क!

समोर एक तोंड. फक्त तोंड. उघडं. मागचं सारं काळं.

"कोण... कोण आहे?" भूपेंद्र म्हणाला.

कुंईं...

फक्क!

तोंड जवळ आलं. सुजलेल्या गालावर बोट. गजाननले ते बोट ओळखू आलं.

"सरला?"

ती त्याच्याकडे वळलीच नाही. तिचा राग त्याच्यावर नव्हता.

कुंईं...

भूपेंद्र ओरडाले गेला. शब्द निघाला नाही. नुसतं... ऊं. ऊं.

मंग तेही नाही.

लाइट आली तवा डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवा होता, हात तोंडावर दाबून. रडून राहिला होता. "डावीच," तो म्हणे, "डावीच दाखवली होती तिनं. मी पाहिलं नाही."

गजाननले दया आली नाही. काहून यावी? त्यानं कॉलर धरून त्याले उठवला, मोटारसायकलवर मागं बसवला आन् थेट सौंसरले अंबाबाईच्या दारात उभा केला. डॉक्टर तिच्यासमोर सारं बोलला. म्हातारी ऊर बडवून रडली. "माही सरला खरी होती वं माय, आन् मीच तिले बोल लावला!"

रडता रडता ती थांबली. "हा असा बोबडा काहून बोलून राहिला?"

गजाननले वाटलं, भीतीनं. त्यानं टॉर्च लावला. डॉक्टरनं तोंड उघडलं.

उजवीकडे एका दाढेची जागा रिकामी होती. रक्ताचा थेंब नाही. हिरडी सपाट, गुलाबी, तान्ह्या लेकराची असते तशी.

डॉक्टरनं तिथं जीभ फिरवली. मंग बोट फिरवलं.

"सकाळी..." तो म्हणाला, "सकाळी सुपारी फोडली मी याच दाढेनं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना कोपरान्‌कोपरा झाडून काढला. दाढ सापडली नाही.